गाडा गो

आमच्या परड्यात लिंबाखाली एक बैलगाडा उभा आहे. बैलं विकून पंधरा वर्षं होत आली, गाडा मात्र विकू दिला नाही. त्याच्याखाली कोंबड्या बसायच्या, वर बेदाण्याच्या जुन्या जाळ्या टाकलेल्या असायच्या. २०२२ च्या उन्हाळ्यात मी त्याची दोन्ही चाकं खोलली. मोडके आरे बदलून घेतले, धाव नव्यानं तापवून बसवली, जू रंगवलं. सुतार आणि लोहार मिळून साडेअकरा हजार गेले. घरातली म्हणाली, "अवो, दावणीला बैल न्हाई आन् गाडा कुणासाठी सजवताय?"

मी म्हणालो, "नातवाचा हट्ट हाय. दर ऐतवारी मागतोय."

नातवानं गाडा कधीच मागितला नव्हता. हे मला कळायला आठ महिने लागले, आणि कळलं तेही दुसऱ्याच एका वाईट बातमीच्या पाठोपाठ.

थोरला मुलगा अमेरिकेत आहे, टेक्सासमध्ये, डॅलसच्या जवळ. कॉम्प्युटरचं काम. नातू तिथंच जन्मला. चार वर्षांचा असताना एकदा गावाकडं आला होता, तेव्हा त्याला शेजाऱ्याच्या गाड्यात बसवून मळ्यात नेलं होतं. महिनाभर पोरगं "गाडा, गाडा" करत घरभर पळत होतं. पुढं त्याची शाळा सुरू झाली आणि मराठी मागं पडली. समजतं बरंचसं, पण तोंडातून येतं ते इंग्रजीच. रविवारी संध्याकाळी सातला आमचा व्हिडिओ कॉल. तिकडं सकाळ असते. थोडा वेळ आज्जीशी, थोडा वेळ माझ्याशी, आणि मग पोरगं खुर्चीवर चुळबुळ करत म्हणायचं, "आबा, आय गाडा गो."

माझ्या कानाला ते असंच ऐकू यायचं. 'आय' म्हणजे मी, 'गो' म्हणजे जाणे, आणि मधला 'गाडा' तर आपलाच. मला गाड्यातून जायचंय! मी फोन घेऊन तसाच परड्यात पळायचो. पाय दुखत असले तरी पळायचो. कॅमेरा फिरवून सांगायचो, "हे बग सोन्या, गाडा! हे चाक, हे जू." पोरगं गुणाचं. "नाईस, आबा," म्हणायचं. थोडा वेळ बघायचं. मग पुन्हा म्हणायचं, "बट आय रिअली गाडा गो."

'रिअली' म्हणजे खरोखर, एवढं मला येत होतं. खरोखर गाडा! आता एवढं म्हटल्यावर सुताराला बोलवायचं नाही तर काय करायचं?

माझं इंग्रजी किती आहे ते इथं सांगून टाकतो. मी १९७७ ला दहावी झालो. अकरावीची मॅट्रिक बंद होऊन दहावीचं बोर्ड सुरू झाल्याला दोनच वर्षं झाली होती. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं. आमच्या सरांकडं तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, तिची पानं सुटलेली. त्यातली वाक्यं ते फळ्यावर लिहायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. सर एकेक अक्षर उच्चारायचे. 'वुई आर गोइंग टू दि मार्केट', यातला एकही शब्द दुसऱ्याला चिकटू द्यायचे नाहीत. 'आय' आणि 'वुई' पुढं 'शॅल', बाकीच्यांपुढं 'विल', यात चूक झाली की छडी. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करायला मी हुशार होतो. इंग्रजीत मला ६१ मार्क पडले आणि शाळेत माझं नाव झालं. त्या वर्षी वडील आजारी पडले, मी मळ्यात आलो तो आजतागायत आहे. पण ते ६१ मार्क माझ्या डोक्यातनं कधी गेले नाहीत. औषधाच्या डब्यावरचं वाचून दाखवायला भावकीतली माणसं माझ्याकडंच यायची.

तशी आमच्या तासगाव भागातल्या द्राक्षाच्या बागेत इंग्रजी काही कमी नाही. डॉगरिजवर कलम, सबकेन, फेल फूट, थिनिंग, डिपिंग, जीए, डाऊनी. लिहायला-वाचायला न येणारी बाई सुद्धा "आज दुसऱ्या डिपिंगला चला" म्हणते. तिच्यापुढं कुणी गोरा आणून उभा केला तर त्याला यातलं किती कळेल, देव जाणे. ती भाषा आता आमची झाली. म्हणूनच मला वाटायचं, आपल्याला इंग्रजी येतं. बोलायला जमत नाही, पण कळतं.

जानेवारी २०२३. संक्रांत होऊन गेली होती. एका प्लॉटची द्राक्षं व्यापाऱ्यानं बघून ठेवली होती, दुसरा बेदाण्याला टाकायचा होता. रविवारी कॉल लावला तर मुलगा समोर आला नाही. नातू एकटाच होता. मी नेहमीसारखं विचारलं, "डॅडी कुठं हाय?" तर तो म्हणाला, "ही इज स्लीपिंग. डॅड गॉट लेट गो."

मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. त्यानं पुन्हा तेच म्हटलं.

आता बघा, 'लेट' हा तर सरांचा आवडता शब्द. लेट मी गो, मला जाऊ दे. लेट हिम गो, त्याला जाऊ दे. त्याचंच हे पॅसिव्ह. बाबांना जाऊ दिलं गेलं! मी मनातल्या मनात फळ्यावर मांडून बघितलं, कुठं चूक सापडली नाही. दोन वर्षं झाली पोरगा रजा मागत होता, साहेब सोडत नव्हता. शेवटी सोडलं. मी फोन ठेवला आणि चुलीपाशी जाऊन सांगितलं, "रजा मिळाली! येत्यात." ही तशीच उठली आणि माळ्यावरच्या गाद्या खाली काढायला सांगायला लागली. रात्रीतनं ही बातमी आमच्या गल्लीत झाली. पारावर मी स्वतः सांगितली. लबाड कशाला बोलू, जरा तोऱ्यातच सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला फोन केला. तिकडं रात्र होती.

"काय मग, कवा निघताय?" मी हसत हसतच विचारलं.

तो काही बोलेना. मग म्हणाला, "आबा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्याच पोरानं सांगितलं. झ्याक झालं बग. आता थांबू नगंस."

"अजून साठ दिवस आहेत, आबा."

"साठ दिवस कशाला? द्राक्षं संपत्याल तवर. आत्ताच या की. मी म्हणतो, कायमचंच या, कोण नको म्हणतंय!" हे मी थट्टेनं म्हणालो होतो.

"तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही ते," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. 'ठेवतो' सुद्धा म्हणाला नाही. माझा पोरगा असा कधी फोन ठेवत नाही. मला वाटलं, झोपेत असेल.

दुपारी शेडवर बेदाण्याचं काम चाललं होतं. घड ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यातनं बुडवून जाळीवर पसरायचे, अशी घाईची वेळ. धाकट्या भावाची मुलगी सांगलीहून आली होती. ती तिथं एम. ए. करते, विषय इंग्रजी. तिच्यापुढं जरा मिरवावं म्हणून मी सगळं सांगितलं. अगदी पॅसिव्ह व्हॉइससकट.

तिनं हातातली जाळी खाली ठेवली. "आबा, तो नक्की काय म्हणाला? तेच शब्द सांगा."

मी सांगितले.

"आबा, रजा नाही ती," ती हळू आवाजात म्हणाली. आजूबाजूला बायका होत्या. "दादाला नोकरीवरून काढलंय. 'लेट गो' म्हणजे... नारळ दिला."

मी तिथंच क्रेटवर बसलो. पहिल्यांदा मला तिचा रागच आला. म्हणालो, "एवढे सरळ शब्द हायती. त्यात काढल्याचं कुठं आलं?"

ती म्हणाली, "आबा, मग नारळात कुठं आलंय?"

यावर मी काय बोलणार? आपण माणसाला सत्काराला नारळ देतो, लग्नात देतो, पाहुण्याला निरोप देताना देतो. आणि कारखान्यातनं काढून टाकलं की म्हणतो, नारळ दिला. उद्या एखाद्या अमेरिकेच्या माणसाला कुणी सांगितलं की याला कंपनीनं नारळ दिला, तर तो टाळ्या वाजवेल. मी तेच केलं होतं. वर गावभर टाळ्या वाजवून आलो होतो.

तिनंच मग मला साठ दिवसांचं सांगितलं. त्या एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या माणसाची नोकरी सुटली की त्याला तिथं राहायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी धरायची, नाहीतर दुसरी काही कायदेशीर सोय बघायची, नाहीतर बिऱ्हाड गुंडाळून निघायचं. पोराची शाळा, घराचं भाडं, गाडीचे हप्ते, सगळं त्या साठ दिवसांत. आणि हे सांगणाऱ्या पोराला मी हसून म्हणालो होतो, झ्याक झालं.

त्याच बोलण्याच्या ओघात गाड्याचाही उलगडा झाला. मी तिला म्हणालो, "माझा नातू मराठी तरी सरळ बोलतोय. गाडा मागतोय तर गाडाच म्हणतोय." तिनं ते वाक्य म्हणायला सांगितलं आणि तिला हसू आवरेना. मघाशी डोळ्यांत पाणी होतं आणि आता हसतेय. 'आय गाडा गो' म्हणजे 'आय हॅव गॉट टू गो'. मला जायला पाहिजे. 'गॉट टू' घाईत म्हणताना एकमेकात मिसळतं, आणि अमेरिकेची माणसं दोन स्वरांच्या मधला 'ट' आपल्या 'ड'सारखा म्हणतात, म्हणून त्याचं होतं 'गाडा'. 'गोइंग टू'चं 'गना', 'वाँट टू'चं 'वाना'. पाण्याला पण ते 'वॉडर' म्हणतात.

म्हणजे दर रविवारी पोरगं मला सांगत होतं, आबा, मला जायचंय, माझा फुटबॉलचा क्लास आहे. आणि मी त्याला गाडा दाखवत बसत होतो. ते बिचारं 'रिअली' म्हणून विनवत होतं आणि मी चाकाजवळ कॅमेरा नेत होतो.

सरांचा मला राग आला नाही. त्यांनी शिकवलं ते छापलेलं इंग्रजी होतं, आणि ते बरोबरच होतं. आपलं तरी काय? पुस्तकात 'तू काय करतो आहेस', पुण्याकडं 'काय करतोयस', आमच्याकडं 'काय करतुयास'. शाळेत मराठी शिकून आलेल्या परक्या माणसाला 'करतुयास' कुठल्या कोशात सापडायचं?

पण मुलाचं तसं नव्हतं. ते शब्दाचं अज्ञान म्हणून सोडून देता येईना. संध्याकाळी मी त्याला परत फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, ते काही आठवलं नाही. म्हणालो, "बाळा, मला वाटलं रजा मिळाली."

बराच वेळ पलीकडनं आवाज नाही. मग तो हसायला लागला. आधी हसला आणि मग त्याचा आवाज बदलला. म्हणाला, "आबा, मी रात्रभर झोपलो नाही. मला वाटलं, मी हरून परत यावं हेच तुम्हाला पाहिजे होतं."

खरं सांगायचं तर त्यानं परत यावं असं मला आतून वाटतच होतं. गेली दहा वर्षं वाटत होतं. पण असं नाही. हे त्याला सांगावं की नाही ते कळेना, म्हणून विचारलं, "पैसं हायती का?" तो म्हणाला, "आहेत." मी म्हणालो, "द्राक्षाचं येत्याल, कमी पडलं तर सांग." बाप-लेकाचं एवढंच बोलणं झालं. पारावर मात्र मी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं की रजेचं रद्द झालं. खरं काय ते सांगायला जीभ वळली नाही.

पन्नासाव्या दिवशी त्याला काम मिळालं. पगार कमी, पण त्याच शहरात. ते पन्नास दिवस आम्ही दोघांनी कसे काढले ते लिहीत नाही.

त्या दिवसांत मी एक काम मात्र केलं. माझी फवारणीची वही आहे. कुठल्या तारखेला कुठलं औषध, किती लिटर पाण्याला किती, सगळं तिच्यात असतं. ती उलटी करून मागच्या पानावरून नातवाचे शब्द लिहायला सुरुवात केली. ऐकू येईल तसे देवनागरीत लिहायचे, आणि पुतणी आली की तिला विचारायचं. 'माय बॅड' म्हणजे माझं वाईट नव्हे, माझं चुकलं. 'यू बेट' म्हणजे पैज लावायची नसते, नुसतं हो म्हणायचं असतं. 'व्हॉट्स अप' म्हणजे वर काय आहे ते सांगायचं नाही. मी एकदा वर बघून पत्रा आहे म्हणून सांगितलं होतं! आपण रस्त्यात "काय पाव्हणं, बरं हाय का?" म्हणून पुढं जातो, उत्तराला थांबत नाही, तसंच ते.

२०२४ च्या जूनमध्ये ते सगळे आले. शेजाऱ्याची बैलं मागून आणली आणि गाडा जुंपला. नऊ वर्षांचं पोरगं जूपासून मागच्या फळीपर्यंत हात फिरवत होतं. मी त्याला सगळी कथा सांगितली, 'गाडा गो'ची. हसून हसून ते गाड्यात आडवं पडलं. मळ्यापर्यंत ओरडत गेलं, "आय गाडा गो इन द गाडा!"

जेवताना वेगळीच तऱ्हा. आज्जी पोळी वाढायला गेली की ते म्हणायचं, "आय एम गुड." ही मला विचारायची, "काय म्हंतंय?" मी सांगायचो, "मी चांगला हाय, म्हंतंय." मग ही आणखी एक वाढायची, चांगल्या पोराला. तिसऱ्या दिवशी सुनेनं सांगितलं की 'आय एम गुड' म्हणजे 'नको, पुरे'. वहीत लिहिलं. पण हिला ते पटलं नाही. आपल्यात पहिल्या 'नको'ला कुणी 'नको' समजतं का? दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचंच असतं. त्या पोराचं मात्र पहिलंच 'नको' खरं असतं, हे कळेपर्यंत त्याचं पोट दोनदा बिघडलं.

पण अडखळणारा मी एकटाच नव्हतो. एका संध्याकाळी भावकीतले एक अण्णा येऊन बसले, चहा घेतला, "बरं, येतो" म्हणून उठले. नातू दारात उभा राहिला तो उभाच. अर्ध्या तासानं मला म्हणाला, "आबा, ते 'येतो' म्हणाले. व्हेन इज ही कमिंग?"

मी म्हणालो, "ते गेले."

"बट ही सेड येतो!"

त्याला कसं सांगायचं? आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही. दुकान बंद केलं की 'वाढवलं' म्हणतो. बायकांची बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणतात. आणि मी त्याला "उद्या विहिरीवर जायचं का?" या प्रश्नावर चार दिवस "बघू" म्हणत होतो, तर पोरगं रोज टॉवेल घेऊन तयार. त्याला वाटायचं, आबा काहीतरी बघायला जाणार आहेत आणि मग नेणार आहेत. 'बघू' म्हणजे 'नाही' हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं आईकडून एक छोटी वही मागून घेतली आणि पहिल्या पानावर इंग्रजीत 'येतो' लिहून पुढं काहीतरी लिहिलं. मला वाचता आलं नाही, अक्षर फार बारीक होतं. पाचव्या दिवशी मी त्याला विहिरीवर नेलं.

आता पुन्हा रविवारचा कॉल सुरू आहे. 'गाडा गो' म्हटलं की मी लगेच "जा बाबा" म्हणतो. कधी कधी त्यालाच जायचं नसतं तेव्हा तो कॅमेरा परड्यात न्यायला सांगतो.

परवा मी विचारलं, "औंदाच्या सुट्टीला येणार का? गाडा जुंपतो." तो म्हणाला, "आय एम डाउन, आबा."

माझ्या पोटात धस्स झालं. आमच्याकडं डाऊनी म्हणजे अख्खी बाग गेली. डाउन म्हणजे खाली, डाउन म्हणजे आजारी, डाउन म्हणजे लाईट गेली. हिला हाक मारणार होतो, पण मारली नाही. "म्हंजे काय रं?" मी त्यालाच विचारलं.

"म्हणजे हो," तो म्हणाला. "म्हणजे येतो. खरंवालं येतो."

मी वही उलटी केली आणि डाऊनीच्या फवारणीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.